टायरच्या एका जोडीवर काढलेला उन्हाळा

यंदा होळीच्या आधीच ऊन तापलं. इंदापूरच्या बायपासला दुपारी डांबर मऊ पडतं आणि त्यावरून ट्रक गेला की चिकटपट्टी सोलावी तसा चर्र आवाज येतो. मी जिथं मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो, त्या आयटीआयच्या वर्गाच्या खिडक्या त्या रस्त्याकडंच उघडतात. परवा फळ्यावर गिअरबॉक्सची आकृती काढत होतो. आवाज आला, खडू तसाच हातात राहिला, आणि आपण कुठल्या चाकाला दात काढत होतो हेच विसरलो. मुलं वाट बघत बसली. त्यांना वाटलं असेल, सरांना काहीतरी आठवलं. आठवलं नव्हतं. आठवायला आधी विसरावं लागतं.

घरी प्रतिभाला, माझ्या बायकोला, हे सवयीचं झालंय. मी जेवता जेवता उठतो, गॅलरीत जातो, परत येऊन बसतो. तिनं याला नाव ठेवलंय. घरात कुणी विचारलं तर ती सांगते की नितीनला उन्हाळा लागलाय, पाऊस पडला की बरा होईल.

बारा वर्षं झाली. बारामतीतल्या गाडीवेड्या लोकांच्या एका मंडळानं त्या वर्षी मोटारसायकलच्या शर्यती भरवल्या होत्या. एमआयडीसीच्या एका टोकाला तेव्हा बरेच प्लॉट रिकामे होते. त्यांच्यामधून डांबरी रस्ते मात्र केलेले. त्याच रस्त्यांचा एक वेढा करून ट्रॅक आखला. सात वळणं, त्यातली पाच डावी. वळणांवर उसाच्या पाचटाच्या गाठी रचलेल्या, म्हणजे पडलं तर त्यात पडावं. मार्चपासून मेअखेरपर्यंत, एकाआड एक नव्हे, पण सवडीनं असे पाच रविवार. सगळ्यांच्या गाड्या साध्याच, रोजच्या वापरातल्या, फक्त दिवे आणि आरसे उतरवलेल्या.

आणि एक नियम. पाचही शर्यतींना मिळून प्रत्येकाला टायरची एकच जोडी. पैसेवाला दर रविवारी नवे टायर घालून येईल आणि बाकीचे बघत राहतील, असं होऊ नये म्हणून हा नियम केला होता. पहिल्या दिवशी मंडळाच्या माणसानं ब्रश घेऊन प्रत्येक टायरच्या बाजूवर पिवळा ठिपका काढला. दर शर्यतीच्या आधी एका छोट्या मीटरनं टायरच्या मधल्या खाचेची खोली मोजायची. ठरलेल्या मापापेक्षा खाच उथळ झाली की तो माणूस बाहेर.

पाचांत सगळ्यांत जास्त गुण मिळवणाऱ्याला पुण्याच्या एका संघात वर्षभर जागा मिळणार होती. गाडी त्यांची, खर्च त्यांचा, शर्यती देशभर. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. डिप्लोमा झालेला, नोकरी नाही, हायवेला आबांच्या टायर रिमोल्डिंगच्या, म्हणजे झिजल्या टायरवर नवं रबर चढवायच्या, दुकानात दिवसभर चाकं खोलायची. ट्रक यायचे, जायचे. सोलापूरकडं, पुण्याकडं. मी तिथंच. मला त्या जागेची भूक लागली होती, दुसरा शब्द नाही.

आबा म्हणजे माझे वडील. फार बोलत नाहीत. ट्रकचं चाक उतरलं की ते टायरवरून तळहात फिरवतात, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि ड्रायव्हरला सांगतात की तुमचा पुढचा एक्सल वाकलाय, किंवा तुम्ही ब्रेक उशिरा मारता. ड्रायव्हर चकित होतात. मी कधी झालो नाही. लहानपणापासून बघत आलेल्या गोष्टीचं कुणाला नवल वाटतं?

पहिली शर्यत मी जिंकली. दुसऱ्यापेक्षा इतका पुढं होतो की शेवटच्या राउंडला मागं वळून बघितलं तर रस्ता रिकामा. घरी आल्यावर आबांनी मागच्या टायरवरून हात फिरवला. "डावीकडं लई गेलंय," एवढंच म्हणाले. मी म्हणालो की जिंकलोय. त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

दुसरीही जिंकली.

त्या शर्यतींत एकच बाई होती. अंथुर्ण्याची सविताताई. वय चौतीस, दोन मुलांची आई, एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायच्या कामाला. अंथुर्णे ते बारामती रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन. मी पहिल्या दिवशी तिला विचारलं होतं की तुम्ही कशा काय आलात. तिनं सांगितलं की सुट्टीच्या दिवशीही पहाटे जाग येतेच, मग म्हटलं चला. पहिल्या शर्यतीत ती आठवी आली, दुसरीत पाचवी. मी तिच्याकडं नीट बघितलंही नव्हतं. पुढं असणाऱ्याला मागचे दिसत नाहीत.

दुसऱ्या शर्यतीनंतरच्या बुधवारी ती आमच्या दुकानात आली. तिनं रजा काढली असावी. गाडी स्टँडला लावली, डोक्याचा स्कार्फ सोडला. "जय भीम, आबा. तुमाला टायरचं कळतं म्हणून आले. मला जरा सांगाल का?"

आबा उकिडवे बसले. तीही बसली. मी पलीकडं एका ट्रकच्या चाकाशी झटत होतो आणि कॉम्प्रेसर चालू होता, पण तो मधेमधे बंद पडायचा आणि तेवढ्यात जे ऐकू यायचं ते मी ऐकत होतो. टायर चालून कमी झिजतो, घसरून जास्त झिजतो. गाडी कलती असताना एक्सलेटर पिळला की चाक जमिनीवर किसणीसारखं घासतं. आधी गाडी सरळ करायची, मग पिळायचं. तुमचा ट्रॅक डावा आहे, म्हणजे टायरची डावी कड, डावा खांदाच, खर्ची पडणार. उजव्या दोन वळणांना हात सैल सोडा, तिकडचं रबर कुणाला साठवायचंय. सकाळी गार टायरात हवा मोजाल ती खरी नव्हे, पाच राउंडनंतर ती वाढते, ते धरून भरा.

ती मधेच विचारायची. ते थांबून उत्तर द्यायचे. बोटानं मातीत वळण काढून दाखवलं. तासभर चाललं ते. मला आठवत नाही आबा माझ्याशी कधी सलग तासभर बोलल्याचं. मी नट इतका आवळला की पाना सटकून बोटं सोलली.

ती गेल्यावर मी विचारलं की माझ्याविरुद्ध उतरणाऱ्या माणसाला का शिकवताय. आबांनी हात धुतले. गिऱ्हाईक आहे, म्हणाले.

या उन्हात मी कधी कधी बारामतीतल्या त्या ट्रॅकच्या भागातून जातो. मुलाच्या शाळेच्या कामाला किंवा दुसऱ्या कुठल्या निमित्तानं, निमित्त नसलं तर काढतो. त्या प्लॉटांवर आता शेड झालेत. ट्रॅकचं तिसरं वळण होतं तिथं पशुखाद्याचं गोदाम आहे. लांब डावं वळण एका पाण्याच्या टाकीभोवती होतं, ती टाकी तेवढी आहे. त्या वळणाला गाडी सगळ्यांत जास्त वेळ कलती राहायची आणि टायर सगळ्यांत जास्त तिथं खर्ची पडायचा. आता तिथून शिफ्ट सुटलेले लोक जातात, डबा हँडलला लटकवून, अगदी सावकाश. मी त्यांच्या मागं अडकतो. हॉर्न वाजवावासा वाटतो. वाजवत नाही.

तिसरी शर्यत. दहाव्या राउंडपर्यंत मी पहिला. मग टाकीच्या वळणाला मागचं चाक पहिल्यांदा सरकलं. थोडंसंच, जिन्याच्या शेवटच्या पायरीचा अंदाज चुकावा एवढं.  पुढच्या राउंडला पुन्हा. मी वळणाला वेग कमी केला, आणि कमी केला तसे मागचे आवाज जवळ आले. एक जण गेला. मग सविताताई गेली. तिच्या गाडीचा आवाज वेगळाच होता, वळणात जवळजवळ शांत, आणि गाडी सरळ झाली की एकदम भरून येणारा. मी तिसरा आलो. गाडीवरून उतरून टायर बघितला तर डाव्या बाजूला रबराच्या शेवया वळलेल्या, पोळपाटावर पीठ घासून निघावं तशा.

झिजत जाणाऱ्या टायरवर गाडी चालवणं ही फार विचित्र गोष्ट आहे. तुम्ही तेच असता, गाडी तीच, वळण तेच. मागच्या राउंडला जे जमलं ते या राउंडला जमत नाही आणि पुढच्या राउंडला आणखी कमी जमणार असतं. हे कळायला डोकं लागत नाही, बुडाला कळतं. आणि तरीही हात ऐकत नाही. हाताला पहिला राउंडच आठवत असतो.

त्यानंतर एक चूक केली, तिच्याबद्दल मी कुणाशी फारसं बोललेलो नाही. नियम असा नव्हता, पण शहाणपण असं होतं की शर्यत झाली की ते टायर उतरवून ठेवायचे आणि रोजच्या फिरण्याला जुने घालायचे. मी कंटाळा केला. एके दिवशी दुपारी आबा बारामतीला गेले होते, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, पत्रा तापून कडकड वाजत होता. बसवेना. उभं राहिलो, उभंही राहवेना. गाडी काढली. बारामती रस्त्याला लागलो आणि पिळला. उसाच्या ट्रॅक्टरांना मागं टाकत अंथुर्ण्याच्याही पुढं गेलो, परत फिरलो, पुन्हा पिळला. कुठं जायचं नव्हतं. रस्त्यावर नुकतीच खडी टाकलेली होती. तासाभरात मी जे रबर त्या खडीवर ठेवून आलो, ते शर्यतीच्या पाच राउंडचं तरी असेल. त्या वेळी मात्र इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

संध्याकाळी आबांनी टायरच्या खाचेतून नखानं खडा काढला. तळहातावर घेऊन बघितला.

"कुठं गेला होतास?"

 उलट मीच चढलो. म्हणालो, तुम्ही ट्रकच्या टायरला गरम पात्यानं नवी खाच कापून देता, तशी याला कापून द्या, मधली खाच खोल झाली की मीटरलाही कळणार नाही. त्यांनी मधल्या खाचेतून बोट फिरवलं. मला वाटलं तयार होतायत.

"ट्रकच्या टायरला खाली कापण्यापुरतं रबर ठेवलेलं असतं. याला न्हाय. याला कापलं तर रबराखाली नुसते विणीचे दोरे हायत. आणि त्या दोऱ्यांवर तू बसणार हायस."

"ताईला बरं सगळं सांगितलं. मला एक शब्द सांगितला न्हाय कधी."

आबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "तिनं विचारलं," ते म्हणाले. "तू ह्या दुकानात वाढलास. एकदा तरी विचारलंस?"

मी बाहेर येऊन हायवेच्या कडेला उभा राहिलो. ट्रकांमागून ट्रक जात होते. रागानं डोळ्यांत पाणी आलं होतं आणि राग कुणाचा ते ठरत नव्हतं. खरंच विचारलं नव्हतं. मला वाटायचं टायर म्हणजे आबांचं काम, आणि वेग म्हणजे माझं. या दोन गोष्टी एकाच चाकावर असतात हे तेवीस वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

चौथ्या शर्यतीत मी टायर वाचवायचं ठरवलं. म्हणजे हळू गेलो. माझ्या लेखी वाचवणं म्हणजे हळू जाणं. सगळीकडंच हळू, उजव्या वळणांनासुद्धा. पंधरा राउंड संपता संपेनात. दात इतके आवळले होते की नंतर जबडा दुखत होता. सहावा आलो. सविताताई पहिली आली. ती हळू जात नव्हती, हे त्या दिवशी मी तिच्या मागून सात राउंड बघितलं. ती डाव्या वळणाला गाडी लवकर उभी करायची. उजवीला अशी झोकायची की आता हँडल डांबराला टेकणार असं वाटायचं. जिथं द्यायचं तिथं देत होती, बाकी ठिकाणी मूठ झाकलेली. मी नंतर तिला विचारलं की हे सगळं आबांचं का. ती म्हणाली, अर्धं आबांचं, अर्धं उसाच्या डबल ट्रॉल्यांचं. रोज सकाळी कामावर जाताना पुढं ट्रॉली असते, समोरून दुसरी येत असते, कडेला माती. जागा मिळेपर्यंत मागं थांबायचं आणि मिळाली की मग मागं बघायचं नाही. त्यात तिला गाडीचा एक टायर तीन वर्षं पुरवावा लागायचा.

ती हे सांगत असताना मी ऐकत होतो आणि त्याच वेळी मनात हिशोब लावत होतो. शेवटच्या शर्यतीला गुण तिप्पट होते, त्यामुळं तिच्यात आम्हा दोघांपैकी जो पुढं येईल, त्याला जागा.

मेचा शेवटचा रविवार. शर्यत सकाळी आठला होती. पण पहाटे वाळूचा ट्रॅक्टर त्या रस्त्यानं गेला होता आणि टाकीच्या वळणाला अर्धी ट्रॉली सांडून गेला. सगळ्यांनी मिळून झाडू घेतले. वाळू कडेला सारण्यात, पाणी मारण्यात, वाळायची वाट बघण्यात अकरा वाजले. अकराला मेमध्ये बारामतीत डांबरावर अनवाणी पाय ठेवून बघा. मी दर दोन मिनिटांनी हेल्मेट घालत होतो आणि काढत होतो. सविताताई पाचटाच्या गाठीच्या सावलीत बसून तिच्या मुलीला फोनवर भात किती शिट्ट्यांनी होतो ते सांगत होती.

तपासणीला गाड्या ओळीनं लावल्या. मीटर माझ्या टायरच्या मधल्या खाचेत गेलं. मापापेक्षा केसभर जास्त. डाव्या खांद्याला मीटर लावत नाहीत. त्या दिवशी आबा पहिल्यांदाच शर्यत बघायला आले होते. हात मागं बांधून ओळीतल्या सगळ्या गाड्यांवरून एक फेरी मारून आले आणि लांब जाऊन उभे राहिले. माझ्याजवळ येऊन काही बोलले नाहीत. मी वाट बघितली. विचारलं मात्र नाही. बघा, तेव्हाही नाही.

शर्यतीचं फार सांगत नाही. पहिले आठ राउंड मी पाचवा होतो, मुद्दाम. त्या बुधवारी दुकानात कॉम्प्रेसर बंद असताना ऐकलेलं सगळं मी केलं. गाडी उभी करून मग पिळलं. उजवीला दिलं. आणि ते चाललं. एकेक करून माझ्या पुढच्यांची चाकं सरकायला लागली, ते वळणाला रुंद जायला लागले, आणि मी आतून निघत गेलो. अकराव्या राउंडला माझ्यापुढं फक्त सविताताई होती. तेराव्याला माझं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या शेजारी. इतक्या उन्हात आम्ही दोघं उरलो होतो आणि मला वाटत होतं की मी आता शिकलोय.

दोन राउंड बाकी होते. टाकीचं वळण आलं. ती नेहमीच्या रेषेवर होती. आतल्या बाजूला एका गाडीपुरती जागा दिसली. पुढच्या राउंडलाही दिसली असती. त्याच्या पुढच्यालाही. पण माझ्यात जे काही सकाळपासून, खरं तर मार्चपासून, साठत आलं होतं, ते त्या जागेकडं बघून सुटलं. मी आत घुसलो. त्या कडेला सकाळी झाडून सारलेली वाळू होती, आणि पाच रविवारांत सगळ्यांच्या टायरचा निघालेला चुरा, काळा, मिरीच्या दाण्यांसारखा. माझं मागचं चाक त्यावर गेलं.

पडताना आवाज आठवत नाही. पाचटाचा वास आठवतो. डावं कोपर सोलून निघालं होतं. गाडी आडवी, मागचं चाक फिरतंय, आणि त्याच्या डाव्या खांद्यावर पांढरे दोरे बाहेर आलेले. आबा पळत आले. मी त्यांना पळताना त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. सगळी माणसं टायरकडं बघत होती, दोरे बघा म्हणत होती. आबांनी टायरकडं बघितलंच नाही. माझं कोपर धरलं, हलवून बघितलं, हाड शाबूत आहे म्हणाले आणि पाणी मागवलं.

सविताताई जिंकली.

त्यानंतरच्या वर्षी शर्यती झाल्याच नाहीत. प्लॉटांवर बांधकामं सुरू झाली, परवानगी मिळेना, मंडळातली माणसं आपापल्या वाटेनं गेली. म्हणजे मला मिळाला तो एकच उन्हाळा. पुढं मी तीन नोकऱ्या केल्या आणि तीन सोडल्या. चौथी ही शिकवायची. ही टिकली, का टिकली माहीत नाही. मुलं प्रश्न विचारतात म्हणून असेल.

पण त्याच वर्षीच्या जूनमधली गोष्ट राहिलीच. सविताताई त्या संघाबरोबर सरावाला दक्षिणेत जाणार होती. सोलापूरला रेल्वे होती, म्हणून इंदापूरहून बस. आबांनी हवा मोजायचं एक चांगलं मीटर काढून माझ्या हातात दिलं आणि स्टँडवर जाऊन तिला देऊन ये म्हणाले. मला जायचं नव्हतं. गेलो.

ती एका पिशवीवर बसली होती. मीटर घेतलं, कपाळाला लावल्यासारखं केलं. कोपराची चौकशी केली. बस लागली तरी ती उठेना. मग म्हणाली, "नितीन, एक सांगायचं होतं. आधीच सांगायला पायजे होतं, पर जीव झाला न्हाय. शेवटी माझ्या टायरात काय बी उरलं नव्हतं. टाकीच्या वळणाला दोन राउंड झाले मी नुसती देवावर हवाला ठिवल्यागत जात होते. तू आणखी एक राउंड माझ्या मागं दम धरला असतास तर मीच बाहेर गेले असते. तू पडलास म्हणून उरलेले राउंड सावकाश काढता आले."

कंडक्टरनं घंटी मारली. ती चढली. खिडकीतून तिनं हात केला तो मी बघितला, पण माझा हात वर झाला नाही.

स्टँडवरून मी दुकानात गेलो नाही. सरळ अंथुर्ण्याला गेलो. तिचा नवरा राजेंद्र गोठ्यात होता. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं. मी म्हणालो, ताईच्या गाडीचा शर्यतीतला टायर बघायचाय.  गाडीला नवा टायर घातला होता. जुना गोठ्याच्या पत्र्यावर ठेवलेला, वावटळीत पत्रा उडू नये म्हणून. काठीनं त्यानं तो खाली ओढला. बाजूवर पिवळा ठिपका होता. मी टायर उभा धरला आणि फिरवला.

दोरे होते. माझ्या टायरला बोटभर दिसत होते. तिच्या टायरला वीतभर.

 राजेंद्रनं चहा घ्यायला सांगितला. मी घेतला, दोन घोटांत संपवला, जीभ भाजली.

परत आलो तेव्हा आबा एका ट्रकखाली बसून चाक चढवत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं की सविताताईचा टायरही संपला होता, मी आत्ता डोळ्यांनी बघून आलो.

"माहीत हाय," आबा म्हणाले.

मला वाटलं तिनं त्यांना आधी सांगितलं असेल. तसं नव्हतं. शर्यतीच्या सकाळी तपासणीला गाड्या उभ्या होत्या तेव्हाच त्यांनी दोन्ही टायर बघितले होते. इतक्या उन्हात दोन्ही पंधरा राउंडला पुरणारे नव्हते, म्हणाले. तुझा चौदाला जाईल, तिचा त्याच्या अलीकडं, असा त्यांचा अंदाज होता.

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला होता. पलीकडं ड्रायव्हर बाजेवर झोपला होता, तो उठून बसला. "तुमाला माहीत होतं तिचा आधी जाणार, तरी?"

"तिला बी तुझं सांगितलं न्हाय. दोघं माझ्याकडंच आलेली." त्यांनी शेवटचा नट हातानं लावला, पाना बाजूला ठेवला आणि ट्रकखालून माझ्याकडं बघितलं. "आणि समज, सांगितलं असतं. थांबला असतास?"

"थांबलो असतो," मी म्हणालो.

आबा जरा हसले.

"बघ," ते म्हणाले. "उत्तर द्यायला बी थांबला न्हायस."